मातीच्या गढ्यांचे दोन चुकीचे वकील

२०१७च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडमधल्या केरी परगण्याचे अपक्ष खासदार डॅनी हीली-रे एका रस्त्याबद्दल बोलले आणि देशभर हशा पिकला. कॉर्क आणि केरी यांना जोडणारा एन-२२ हा राष्ट्रीय मार्ग एका ठिकाणी खचत होता. दुरुस्ती केली, तरी पुन्हा तिथेच खचायचा. हीली-रे म्हणाले की त्या पट्ट्यात जुन्या गोल गढ्या आहेत, तिथे 'त्यांची', म्हणजे पऱ्यांची, वस्ती आहे आणि त्यांना डिवचल्याचाच हा परिणाम आहे. रस्ते विभागाचं म्हणणं रुक्ष होतं: खालच्या मातीत दोष आहे. (त्या वेळी लिओ वराडकरांना पंतप्रधान होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. तिथल्या पारावर कुणी असा खुलासा केला असता तर फारसं कुणी हसलं नसतं. राखणदाराच्या हद्दीत कुदळ मारू नये, हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही.)

त्यानंतर जो वाद झाला तो आयर्लंडला नवा नव्हता. एखादी गढी जेसीबीखाली गेली, एखादं काटेरी झाड रस्त्याच्या आड आलं, की तो नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, एकविसाव्या शतकात पऱ्यांच्या गोष्टी कसल्या सांगता, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, मोडीत काढा. दुसरी म्हणते, याच श्रद्धेने हजार वर्षांचा वारसा वाचवला, पूर्वज शहाणे होते, त्यांनी भीतीच्या वेष्टनात संवर्धनच गुंडाळून ठेवलं. आपल्याकडे देवरायांबद्दल नेमका हाच युक्तिवाद ऐकू येतो, म्हणून हा वाद मला परका वाटत नाही. आणि म्हणूनच तो किती वाईट पद्धतीने लढला जातोय हेही डोळ्यांत भरतं. माझं म्हणणं असं आहे: या गढ्यांच्या गोष्टी जपायला हव्यात, पण पहारेकरी म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. राखण करायची ती कायद्याने, पैशाने आणि माहितीने. ती भीतीवर सोपवली की गढीही जाते आणि कधी कधी माणूसही. उलट गोष्ट खोटी म्हणून उकिरड्यावर टाकली, तर गढीच्या इतिहासातली अलीकडची हजार वर्षं तिच्याबरोबर जातात.

आधी वस्तू काय आहे ते पाहू, कारण वाद घालणाऱ्या अनेकांना तिच्याशी देणंघेणं नसतं. मातीची असेल तर आयरिश लोक तिला राथ किंवा लिस म्हणतात, दगडी असेल तर काशल किंवा काहर. डब्लिनचं रॅथमाइन्स, केरीतलं लिस्टोल, वॉटरफर्डमधलं लिस्मोर ही नावं तिथूनच आली. महाराष्ट्राच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढ्या त्या बेटावर अशा सुमारे ४५,००० गढ्यांची नोंद आहे. बहुतेक इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकातल्या. गोल खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला रचून बांध घालायचा, बांधावर लाकडी कूड किंवा काटेरी कुंपण उभारायचं आणि शक्यतो पूर्वेकडे एक वाट ठेवायची. आतलं अंगण साधारण ३० मीटर व्यासाचं. वेढा सोसण्याची तिची ऐपत नव्हती आणि तशी अपेक्षाही नव्हती. ही शेतकऱ्याची वस्ती होती. रात्री गुरं चोरायला येणाऱ्या टोळीला अडवायचं आणि दिवसा शेजाऱ्याला आपला मान दाखवायचा, एवढं तिचं काम.

मानाची गोष्ट गमतीची आहे. आठव्या शतकाच्या आसपासच्या एका आयरिश कायदेग्रंथात कुठल्या दर्जाच्या माणसाकडे काय असावं याची रीतसर यादी दिली आहे. बऱ्यापैकी शेतकऱ्याकडे बारा गायी आणि २७ फुटांचं घर हवं. राजाचा कोट १४० फुटांचा हवा, आणि त्याच्या बाहेरचा खंदक त्याच्या कुळांनी खणून द्यायचा. म्हणजे बांध जितके जास्त, तितके राबणारे हात जास्त. बहुतेक गढ्यांना एकच बांध असतो. कॉर्कमधल्या गॅरान्सच्या गढीला तीन आहेत, आणि १९३७ मध्ये शॉन ओ रिर्डन यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा भूमध्य समुद्राकडून आलेल्या भांड्यांचे तुकडे आणि काच-मिन्याच्या कारागिरीच्या खुणा सापडल्या. त्याहून मला भुरळ घालते ती अँट्रिममधली डिअर पार्क फार्म्सची गढी. १९८०च्या दशकात ती खणली तेव्हा खालचे थर पाण्याने भिजलेले निघाले, आणि त्यामुळे कुजायला हवं ते सगळं शाबूत होतं. हेझलच्या काटक्यांचे विणलेले दुहेरी कूड, मधल्या पोकळीत ऊब राहावी म्हणून ठासलेला पालापाचोळा, मोठ्या गोल घराला चिकटून मागे छोटं गोल घर, अंथरुणाच्या जागी पसरलेल्या डहाळ्या, चामडी जोडा शिवायचा लाकडी साचा. दाराच्या चौकटीचा ओक कधी तोडला हे खोडातल्या वर्तुळांवरून मोजता आलं: इसवी सन ६४८. पऱ्यांच्या राजवाड्यात तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी माणसं राहत होती, घोंगडी पांघरत होती, जोडे शिवत होती.

अनेक गढ्यांच्या पोटात दगडी भुयारं असतात. कोरड्या दगडांची भिंत, वर आडव्या शिळा, उंची इतकी कमी की रांगावं लागतं, आणि मध्येच एके ठिकाणी मुद्दाम चिंचोळी केलेली अडचण, ज्यातून एका वेळी एकच माणूस पोटावर सरकत जाऊ शकतो. मागे लपलेल्या माणसाच्या हातात काठी असेल तर पुढून येणाऱ्याचं डोकंच आधी त्याच्यासमोर येणार. इतर वेळी आतला गारवा दूध-लोण्याला बरा. आता विचार करा. गढी ओस पडून पाचशे वर्षं झाली आहेत, ती कुणी बांधली हे कुणालाच आठवत नाही, आणि गुराखी पोराला झुडपात जमिनीखाली जाणारी एक बांधीव वाट सापडते. ती पलीकडच्या टेकडीवरच्या गढीपर्यंत जाते, खाली कुणीतरी राहतं, असं त्याने घरी येऊन सांगितलं तर त्याला मूर्ख म्हणायचं का? हाताशी असलेल्या पुराव्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, पण निष्कर्ष होता.

या निष्कर्षांवर शतकानुशतकं पुटं चढत गेली. गढीत राहणाऱ्यांना उघड नाव घेऊन बोलवायचं नाही, 'चांगली माणसं' म्हणायचं. बांधावरचं हॉथॉर्नचं काटेरी झाड तोडायचं नाही. तोडलं तर गुरं दगावतात, हात लुळा पडतो, घरात आजार शिरतो. रात्री आत दिवे दिसतात, फिडल आणि पाइप्सचे सूर येतात. त्यांना आपसात हर्लिंगचा (काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा) सामना खेळायचा असेल तर एक जिवंत माणूस संघात लागतो, म्हणून गावातल्या तरण्या खेळाडूला रात्री उचलून नेतात. ओळखीच्या वावरातही एखाद्याला वाट सापडेनाशी होते, मग कोट उलटा करून अंगात घालायचा, की चकवा सुटतो. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने शाळाशाळांतून एक संकलन केलं. सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या सुमारे ५०,००० मुलांनी आईबाप, आजीआजोबा, शेजारी यांना विचारून अशा गोष्टी वहीत उतरवल्या. त्यात गढ्यांचा उल्लेख सतत येतो. अमक्याच्या शेतातली, तमक्याने खणली, त्याची गाय तिसऱ्या दिवशी मेली.

आता वारसाप्रेमींचा मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो भक्कम आहे. १९३०चा राष्ट्रीय स्मारक कायदा येण्याआधी या हजारो गढ्यांपैकी बहुतेकींना कुणाचंही संरक्षण नव्हतं. जमीनदारांच्या काळात इंच इंच जमिनीसाठी भांडणं होत होती, बटाट्याच्या दुष्काळात लाखो लोक उपासमारीने आणि रोगराईने मेले, तरी शेताच्या मधोमध अर्ध्या एकराचा झुडपी गोल तसाच राहिला. कायदा झाल्यावरही काय? १९९४च्या दुरुस्तीनुसार नोंदीतल्या स्मारकाला हात लावायचा तर दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं. पण पहाटे पाच वाजता जेसीबी लावणारा कुणाला कळवून लावतो? सरकारी निरीक्षक हजार गढ्यांवर नजर ठेवू शकत नाही. आजीने सांगितलेली गोष्ट ठेवते, फुकट ठेवते आणि रात्रीही ठेवते. 'विश्वास नाही हो, पण विषाची परीक्षा कशाला पाहा' असं म्हणणारा शेतकरी हा पुरातत्त्व खात्याला मिळालेला सर्वात स्वस्त कर्मचारी होता, हे नाकारता येणार नाही.

पण या युक्तिवादातून एक गोष्ट सोयीस्करपणे सुटते, ती म्हणजे गवत. आयर्लंडची शेती मुख्यतः चराऊ कुरणांची. गाय चारणाऱ्याला गढी फारशी आड येत नाही. उलट अटलांटिकवरून वारा सुटला की गुरं बांधाच्या आडोशाला उभी राहतात. नांगर धरणाऱ्याला मात्र ती आड येते. बेटावर गढ्या सगळीकडे सारख्या दाट नाहीत, आणि पूर्वेकडच्या लेन्स्टर प्रांताच्या काही भागांत, जिथे नांगरट जुनी आणि जोमाची, तिथे त्या लक्षणीयरीत्या विरळ आहेत. याला आणखीही कारणं आहेत. मुळात तिथे किती बांधल्या गेल्या होत्या हाही प्रश्न आहेच. पण 'चांगली माणसं' लेन्स्टरमध्ये नव्हती असं कुणी म्हणत नाही. गोष्टी दोन्हीकडे होत्या, गढ्या मात्र जिथे परवडल्या तिथे जास्त टिकल्या. मग १९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात गेलं, जमीनसुधारणेला अनुदानं मिळू लागली, यंत्रं स्वस्त झाली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बांध झपाट्याने सपाट झाले. एका पिढीत श्रद्धा आटली म्हणून हे झालं, की भीतीची किंमत पहिल्यांदाच नफ्यापेक्षा कमी ठरली म्हणून? मला दुसरं उत्तर जास्त पटतं. विषाची परीक्षा पाहायला कुणी पैसे देत नव्हतं तोवर कुणी पाहत नव्हतं, इतकंच.

शिवाय त्या गोष्टीच नीट वाचा. जवळजवळ प्रत्येक गोष्टीत कुणीतरी झाड तोडलंय, बांध उकरलाय, भुयारातले दगड गोठ्यासाठी नेलेत. शिक्षेची गोष्ट जन्माला यायला आधी गुन्हा घडावा लागतो. म्हणजे तोडफोड चालूच होती, आणि गोष्ट तिच्या मागून धावत होती. पळवाटाही होत्या. आपल्या हाताने करायचं नाही, लांबच्या गावचा मजूर लावायचा. त्याला ती झाडं ठाऊक नाहीत, त्या झाडांना तो ठाऊक नाही. भीती ही स्थानिक वस्तू आहे. कंत्राटदार परगण्याबाहेरचा असला की ती लागू पडत नाही.

लाटूनचं उदाहरण वारसाप्रेमी नेहमी देतात, म्हणून तेच घेऊ. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात एका नव्या रस्त्याच्या आखणीत हॉथॉर्नचं एक एकटं झाड येत होतं. कथाकार आणि लोककथा-संग्राहक एडी लेनिहन यांनी जाहीर इशारा दिला: कॉनाक्ट प्रांतातल्या पऱ्यांशी लढायला निघालेल्या मन्स्टर प्रांतातल्या पऱ्यांची जमण्याची ही जागा आहे, झाड पाडलं तर रस्त्यावर अपघात होतील. बातमी अमेरिकेपर्यंत गेली, आणि अखेर अभियंत्यांनी झाड सोडून रस्ता केला. श्रद्धेचा विजय? मला तसं दिसत नाही. अभियंते पऱ्यांना घाबरले नाहीत. एका माणसाने पत्रं लिहिली, लोकांना जमवलं, वर्तमानपत्रांनी उचलून धरलं, आणि आराखड्यात थोडा फेरफार करणं परवडणारं होतं. हे लोकशाहीतलं सरळ लोकमत आहे, त्याला पऱ्यांचं निमित्त होतं. तीन वर्षांनी, २००२ मध्ये, कुणीतरी रात्री येऊन त्याच झाडाच्या फांद्या करवतीने सपासप छाटल्या. करवत चालवणाऱ्याला भीती वाटली नाही. झाड पुन्हा फुटलं ते हॉथॉर्नच्या चिवटपणामुळे.

आता दुसरी बाजू. अंधश्रद्धा म्हणून सगळं फेटाळणाऱ्यांकडे एक असा मुद्दा आहे की त्यापुढे वारशाची भाषा थिटी पडते. १८९५च्या मार्चमध्ये टिपरेरीतल्या बॅलीवाडली इथे २६ वर्षांची ब्रिजेट क्लिअरी तापाने अंथरुणाला खिळली. नवरा मायकल पिंपं बनवणारा, लिहिता-वाचता, चार पैसे गाठीला असलेला. त्याने ठरवलं की ही आपली बायको नव्हेच. तिला किलनाग्रॅनाच्या गढीत नेलं आहे आणि तिच्या जागी भलतंच काहीतरी ठेवलं आहे. नातेवाइकांनी तिला धरून ठेवलं, वनस्पतींचा काढा बळजबरीने पाजला, 'तू ब्रिजेटच आहेस का' म्हणून पुन्हापुन्हा विचारलं, चुलीच्या विस्तवाशी नेलं. शेवटी मायकलने तिच्या अंगावर दिव्याचं तेल ओतलं. वडील आणि चुलत भावंडं घरातच होती. नंतर तो रात्री गढीपाशी जाऊन बसला, खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल म्हणून. पोलिसांना तिचं प्रेत उथळ खड्ड्यात मिळालं. मायकलला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी १८२६ मध्ये केरीत, उभं राहता-बोलता न येणाऱ्या एका लहान मुलाला, 'बदललेलं' मूल म्हणून नदीत बुडवून बुडवून मारलं गेलं होतं. तिथे तर ज्यूरीने आरोपी बाईला सोडूनच दिलं. 'या श्रद्धेने वारसा वाचवला' असं म्हणणाऱ्याने हे दोन मृत्यूही त्याच वाक्यात सांगितले पाहिजेत. अंगण वाचलं, पोर गेलं, हा हिशेब कुणाला पटेल?

तरीही हा मुद्दा तिथेच थांबत नाही. ब्रिजेट शिवणकाम करायची, तिच्याकडे शिवणयंत्र होतं, कोंबड्या पाळून अंडी विकायची, स्वतःचा पैसा राखून होती, शेजारणींहून नीटनेटकी राहायची, आणि मूलबाळ नव्हतं. या यादीतली कुठलीही गोष्ट परीकथेतली नाही. डॉक्टर येऊन तपासून गेले होते, धर्मगुरूंनी घरात येऊन 'मास' (कॅथलिक प्रार्थनाविधी) म्हटला होता. आधुनिक वैद्यक आणि संघटित धर्म दोन्ही त्या खोलीत हजेरी लावून गेले आणि काहीही टळलं नाही. नवऱ्याला बायको हाताबाहेर जातेय असं वाटणं ही भावना होती, गढीने तिला भाषा पुरवली. भाषा काढून घेतली असती तर हिंसा थांबली असती, असं मानायला मोठा भाबडेपणा लागतो. आपल्याकडे डाकीण ठरवून मारलेल्या बायकांची प्रकरणं उकलली की मागे जमिनीचा वाद किंवा विधवेची वाटणी निघतेच ना? शिक्षा कृत्याला व्हायला हवी, आणि क्लिअरी खटल्यात ती झालीही. पण लंडनच्या काही वर्तमानपत्रांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. आयर्लंडच्या होमरूलचं विधेयक दोनच वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये, लॉर्ड्सच्या सभागृहाने फेटाळलं होतं. ज्याच्या चळवळीवरून पुढे टिळकांनी आपल्या लीगचं नाव घेतलं, ते हे होमरूल. बायकोला परी समजून जाळणाऱ्यांच्या हाती राज्य द्यायचं का, असा सूर निघाला. दुसऱ्याच्या अंधश्रद्धेची टिंगल ही नेहमी विवेकातूनच येते असं नाही. कधी ती सत्तेच्या सोयीची असते. हे हिंदुस्थानातल्या वाचकाला उलगडून सांगायची गरज नसावी.

आणि अंधश्रद्धा फक्त गुराख्यांचीच? १८९९ ते १९०२ या काळात तारा टेकडीवर, आयर्लंडच्या पुराणकालीन राजांच्या जागेवर, एका गोल कोटात काही लोकांनी मनमानी खोदकाम केलं. ते ब्रिटिश-इस्रायली पंथाचे होते. ब्रिटिश हेच बायबलमधल्या हरवलेल्या इस्रायली टोळ्यांचे वंशज, आणि मोझेसच्या आज्ञांची पेटी ताराच्या मातीत पुरली आहे, अशी त्यांची ठाम समजूत. ही माणसं शिकलेली होती, पैसेवाली होती. डब्ल्यू. बी. येट्स, डग्लस हाइड आणि जॉर्ज मूर या आयरिश साहित्यिकांनी जाहीर पत्र लिहून निषेध केला. तोवर त्या स्मारकाचं जे वाटोळं व्हायचं ते झालं होतं. कुठल्याही आयरिश शेतकऱ्याच्या भीतीने ताराला इतकी इजा केलेली नाही. पुढे २००७ मध्ये त्याच तारा-स्क्रीन खोऱ्यातून एम-३ महामार्ग नेताना लिस्मुलिन इथे एक प्रागैतिहासिक वर्तुळ सापडलं. ते नोंदवलं, उत्खनन केलं, आणि २०१०च्या जूनमध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. त्या निर्णयात पऱ्या नव्हत्या, देव नव्हते, होते ते फक्त वाहतुकीचे अंदाज आणि मंत्र्यांच्या सह्या. विवेकवाद्यांना हवं ते सगळं तिथे हजर होतं. फक्त वर्तुळ राहिलं नाही.

पण गोष्टी खोट्या म्हणून पुसून टाकण्याविरुद्धचा माझा खरा आक्षेप याहून वेगळा आहे. बाप्तिस्मा न होता मेलेल्या बाळाला कॅथलिक चर्च पवित्र भूमीत जागा देत नसे. अशी मुलं 'लिंबो'त, म्हणजे ना स्वर्गात ना नरकात, अडकतात, अशी शिकवण होती. मग ती पुरायची कुठे? बांधाच्या कडेला, समुद्रकाठी, चौरस्त्यावर, आणि बरेचदा जुन्या गढीत. बाप अंधार पडल्यावर लाकडी खोकं घेऊन निघायचा, बहुधा एकटा. वर नाव नसलेला एखादा खडबडीत दगड, कुठे पांढरे गारगोटीचे खडे. बाळाच्या आईला ती जागा नेमकी ठाऊक असेलच असं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काही भागांत हे चालू होतं. व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने लिंबोबद्दल जरा मवाळ भाषा वापरली ती २००७ मध्ये. अशा गावात म्हातारी सांगते, 'त्या गढीत खणू नकोस, तिथे रात्री पोरं रडतात', तेव्हा ती काय सांगत असते? परीकथा ऐकणाऱ्याला भूत ऐकू येईल, थट्टा करणाऱ्याला मूर्खपणा. दोघांनाही तिथे पुरलेलं तिचं भावंड दिसणार नाही. 'पूर्वजांनी हुशारीने वारसा जपला' हा गौरव तर इथे क्रूरच वाटतो. तिने वारसा वगैरे काही जपला नाही. जिथे रडायची सोय नव्हती, तिथे कुणी नांगर घालू नये एवढंच तिला हवं होतं.

म्हणून मी या गोष्टींना पुरावा म्हणतो. पुरावा म्हणजे त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असं नव्हे. गढ्या डेन लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, बांधल्या, अशी समजूत आयर्लंडच्या खेड्यांत सर्रास होती, आणि अठराव्या शतकातल्या विद्वानांनीही ती तशीच उचलली. ती साफ चूक होती. डेन नौका किनाऱ्याला लागल्या तेव्हा हजारो गढ्यांत चुली पेटत होत्या. पण या चुकीतूनही कळतं की बांधणाऱ्यांशी असलेलं नातं कधीतरी पूर्ण तुटलं होतं, आणि आपल्याच पणज्यांचं घर लोकांना परक्या आक्रमकाचं वाटू लागलं होतं. पुरातत्त्वाला हे कळायला नको का? दामोदर कोसंबी पुण्याच्या परिसरात पायपीट करत तेव्हा म्हसोबा, वेताळ, मावळाया यांची ठाणी आवर्जून पाहत, आणि अशा ठाण्यांच्या आसपास त्यांना अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारं मिळत. शेंदूर फासलेल्या दगडासमोर ते नास्तिकच राहिले, पण दगड तिथेच का बसवला हे विचारायचं त्यांनी सोडलं नाही. हाच प्रश्न आयरिश वादातल्या दोन्ही बाजूंनी सोडून दिला आहे. एक बाजू नमस्कार करते, दुसरी पाठ फिरवते, वाकून पाहत कुणीच नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय? राखणीच्या बाबतीत भावनिक व्हायचं कारण नाही. २०१२ मध्ये केरीतल्या एका शेतकऱ्याला गढी आणि तिचं भुयार उद्ध्वस्त केल्याबद्दल न्यायालयाने २५,००० युरो दंड केला. असे निकाल आणखी हवेत, कारण हा आकडा सहकारी संस्थेच्या दारात दूध घालायला आलेल्या इतर शेतकऱ्यांपर्यंत आपोआप पोचतो. त्याहून मोलाचं म्हणजे गढी सांभाळणाऱ्याला पैसे मिळणं. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण पर्यावरण योजनेत जुन्या अवशेषांची निगा हा मोबदल्याच्या अटींपैकी एक भाग होता. बांध राखल्याने वर्षाकाठी चार पैसे हाती येतात हे कळलं, की काटेरी झाड आपोआप शुभ ठरतं. यात श्रद्धेची टिंगलही नाही आणि आळवणीही नाही.

गोष्टींचं मात्र अजून अर्धंच काम झालं आहे. मुलांनी वह्यांत उतरवलेली ती पानं आज संगणकावर कुणालाही वाचता येतात, आणि त्या आयोगाचा संग्रह २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेला. गढ्यांची सरकारी सूचीही नकाशासकट खुली आहे. पण ही दोन दालनं वेगवेगळ्या संस्थांची, आणि त्यांच्यामधलं दार बहुतेक बंद. सूचीत गढीचा व्यास असतो, बांधाची उंची असते, झाडोरा किती माजलाय तेही असतं. तिच्याबद्दल गावात काय बोलतात, तिथे कुणाला पुरलंय, कुठली फांदी तोडायला मजूर नाही म्हणतात, याची सहसा नोंद नाही. आणि वहीतल्या गोष्टीत 'आमच्या काकाच्या शेतातली गढी' असते, तिचा सूची-क्रमांक नसतो. एकेक वही घेऊन, त्या त्या टाउनलँडच्या (तिथल्या सर्वांत लहान जमीन-विभागाच्या) जुन्या नकाशावर ठेवून, कुठली गोष्ट कुठल्या बांधाची हे जुळवत बसणं हे कंटाळवाणं, चिकाटीचं काम आहे, आणि त्याला वर्तमानपत्रात जागा मिळत नाही. ते संकलन झालं तेव्हा अकरा-बारा वर्षांची असलेली मुलं आता शंभरीच्या आसपास आहेत. त्यांची मुलं सत्तरीत आहेत, त्यांना निदान शेत कुठलं ते दाखवता येईल. सर्वेक्षकाने टेप काढण्याआधी त्यांच्या स्वयंपाकघरात तासभर बसावं, आणि जे ऐकलं ते व्यासाच्या रकान्याशेजारी लिहावं.